माझ्या उंचीचा पंचनामा

एका मोठ्या कंपनीने मला कोर्टात खेचायची धमकी दिली, तेव्हा मी पेढे वाटत होतो.

माझा दोष एवढाच, की मी पाकीट फक्त बाहेरून पाहिलं होतं. जाडजूड, चकचकीत, कोपऱ्यात कंपनीचं सोनेरी चिन्ह, आणि माझ्या नावाआधी चक्क ‘श्री.’! पिंगळीत मला सगळे ‘दत्ता फोटोवाला’ म्हणतात. ‘श्री.’ आजवर फक्त विजेच्या बिलावर लागलेलं. त्यामुळे कंपनीला आमचा व्हिडिओ आवडला आणि तिने बक्षीस पाठवलं, याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही. पोस्टमन गणपतरावांना मी सहीच्या आधी पेढा दिला. मग स्टेशनसमोरच्या चहावाल्याला, मग शेजारच्या पंक्चरवाल्याला, आणि पाकीट वाचायला बोलावलेल्या जाधव गुरुजींना दोन. (गुरुजी शाळेत इंग्रजी शिकवतात, आणि आतला सगळा मजकूर इंग्रजीत होता.)

गुरुजींनी पहिला पेढा खात पहिलं पान वाचलं. दुसरा पेढा त्यांनी हळूच डब्यात परत ठेवला.

“दत्ता,” ते म्हणाले, “हे अभिनंदन न्हाई. ही नोटीस हाय.”

“असू द्या की. बक्षीस कधी द्यायलेत?”

“बक्षीस कशाचं? सात दिवसांत तुला माफी मागायची हाय!”

तोवर चहावाल्याचा पेढा खाऊन झाला होता, म्हणून तो परत मागता आला नाही.

आता व्हिडिओचं सांगतो. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. (एकदा घेतलं होतं. त्याचीच ही गोष्ट आहे.) ही कंपनी पिकावर फवारायचं टॉनिक विकते. तिची जाहिरात अशी: पांढरंशुभ्र धोतर नेसलेला, जन्मात कधी ढेकूळ न फोडलेला एक देखणा माणूस हरभऱ्याच्या रानात उभा राहतो, एक फवारा मारतो, आणि हरभरा बघता बघता त्याच्या डोक्यावरून वर जातो. मग तो मिशीला पीळ देऊन म्हणतो, “माझा हरभरा, माझ्याहून उंच!” लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा धंदा आपल्याकडे जुनाच आहे. या लोकांनी झाड तेवढं पडद्यावर उगवून दाखवलं.

माझी बायको शोभा ही जाहिरात बघून हसली नाही, भडकली. आमचं गावालगत दोन एकर रान आहे. रान ती बघते, लग्नं मी बघतो. (दुसऱ्यांची. माझं फोटोचं दुकान आहे, मी व्हिडिओ शूटिंग करतो.)

“हरभरा इतका उंच करून त्याला काय पाळणा बांधायचाय का?” ती म्हणाली. “आमी तर उलटं शेंडे खुडतो, फुटवे फुटावेत म्हणून. ह्यांनी हरभरा बगितला तरी हाय का कधी?”

तरी तिने एक बाटली आणलीच. कारण तिच्या बचत गटातल्या बायका कुठलंही बियाणं, कुठलंही औषध घेण्याआधी तिला विचारतात, आणि न वापरता नावं ठेवणं तिच्या स्वभावात नाही. बाटलीवर लिहिलं होतं तसंच, तेवढंच, तिने सगळ्या रानात फवारलं, आणि बांधाकडच्या चार ओळी मुद्दाम कोऱ्या सोडल्या. ही तिची जुनी रीत. महिनाभराने दोन्हीकडचा हरभरा सारखाच! तीच उंची, तेच दाणेभरले घाटे, तेच पान. शोभाने ते गटात सांगितलं, आणि मला म्हणाली, “आपण बी करू की एक जाहिरात.”

कल्पना तिची, उंची माझी. शोभा माझ्यापेक्षा उंच आहे. हे गावात कुणाला सांगावं लागत नाही, आम्ही दोघं बाजाराला निघालो की दिसतंच. तर आमच्या जाहिरातीत शोभा पाठीला पंप लावते आणि रानात उभ्या केलेल्या मला फवारते. (पंपात साधं पाणी. पण डिसेंबरातल्या सकाळी सातचं! शिवाय मोबाईल माझ्या मायच्या हातात होता आणि ती हसून हसून तो हलवायची, म्हणून मी नऊ वेळा भिजलो.) पुढच्या दृश्यात मी शोभाच्या दोन डोकी वर! खाली स्टूल, आणि स्टूल झाकायला मायचं लुगडं कमरेपासून जमिनीपर्यंत गुंडाळलेलं. शोभा वर बघते, नसलेल्या मिशीला पीळ देते आणि म्हणते, “माझा नवरा, माझ्याहून उंच!”

एवढ्यावर संपायचं होतं. पण नऊ फवाऱ्यांनी जमीन भिजली होती, आणि आमची काळी माती ओली झाली की कुणाची गय करत नाही. स्टुलाचा एक पाय खचला. मी लुगड्यासकट, तोंडावर, हरभऱ्यात! मायने शूटिंग थांबवलं नाही. शोभाने वाकून मला न्याहाळलं आणि आपल्या मनाने बोलली, “असर उतरला वाटतं. अजून एक बाटली आणावी लागती!”

व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि ते वाक्य गावोगाव गेलं. गंगाखेडला एका लग्नात शूटिंगला गेलो, तर नवरदेव घोड्यावरून ओरडला, “ओ टॉनिकवाले, पडू नका बरं का!” इतकी कीर्ती मला पंधरा वर्षांच्या धंद्यात मिळाली नव्हती.

आणि आता ही नोटीस. गुरुजींनी तिचं मराठी करून सांगितलं. कंपनीच्या मागण्या तीन. व्हिडिओ काढून टाका. मी जाहीर माफी मागणारा नवा व्हिडिओ टाका. आणि त्याच व्हिडिओत शोभाने हातात बाटली धरून म्हणायचं, ‘हे टॉनिक उत्तम आहे आणि मला स्वतःला फायदा झाला आहे.’ नाहीतर दावा, दुकानाला कुलूप, आणि पुढे गुरुजींनाही भाषांतर न झेपलेली दीड पानं.

घरी येऊन मी तिन्ही मागण्या एका दमात मान्य करून टाकल्या.

“पहिल्या दोन तुमच्या तुमी बगा,” शोभा भाकरी थापत म्हणाली. “तिसरी व्हायची न्हाई.”

“अगं, एक वाक्य तर हाय! मी लग्नात किती जणांना गोरं करतो, कुणाचं काई बिघडलं का?”

“फोटूत गोरं करणं तुमचा धंदा हाय. माज्या तोंडानं बाटली गोरी करायची न्हाई.”

“पण कोर्ट...”

“अवो, ऐका जरा.” तिने भाकरी तव्यावर टाकली. “मी चांगलं हाय म्हणलं, की उद्या गटातल्या तीस बाया बाटल्या आणतील. हरभरा काई वाढायचा न्हाई. मग त्या काय कंपनीच्या दारात जातील? माज्या दारात येतील. आन यायच्या बी न्हाईत, पुन्हा इचारायच्याच न्हाईत. माजं बोलणं खरं धरतात लोक, तेवढंच हाय माज्याकडं.”

माय कोपऱ्यात शेंगा फोडत होती. तिला वेगळीच काळजी. “मला बी धरून नेतेत का रं दत्ता?”

“तुला कशाला नेतील?”

“कशाला म्हंजी? शूटिंग कुणी केलं? कुणी आलंच तर माजं नाव सांग. उगं स्वतःच्या नावावर खपवू नको!”

अशा घरात भिणारा मी एकटाच. मग भित्रा माणूस जे करतो, ते मी केलं. गुपचूप दुकान गाठलं, कॅमेऱ्यासमोर हात जोडले, आणि माफी मागून टाकली. “माझी चूक झाली. कंपनी फार मोठी आहे. टॉनिक फार चांगलं आहे.” आणि तिसऱ्या मागणीची सोय म्हणून शेवटी एक वाक्य चिकटवलं: “आमच्या घरच्यांनाही त्याचा फायदा झालेला आहे.” घरच्यांना विचारलं नव्हतं. म्हटलं, ‘घरच्यांना’ म्हणजे शोभाच असं थोडंच आहे? (आमच्या घरात माय, शोभा आणि मी. मायला टॉनिकचा काय फायदा होणार, हा विचार मी केला नाही.)

लग्नसराई ऐन भरात होती. त्या दिवशी गंगाखेडला लग्न होतं आणि गाडीला वीस मिनिटं उरली होती. मी माफी कॉम्प्युटरवर टाकली. लग्नाच्या व्हिडिओसाठी माझा एक ठरलेला साचा आहे. त्यात शूटिंग टाकायचं, दोन रिकाम्या चौकटींत दोन नावं भरायची, बटण दाबायचं. बाकीचं सगळं तो साचा करतो. वर्षातली सत्तर लग्नं मी अशीच काढतो, डोळे मिटून. त्या दिवशीही हाताने सवयीने तेच केलं. पहिल्या चौकटीत माझं नाव, म्हणजे माफी मागणारा. दुसऱ्या चौकटीत कंपनीचं नाव, म्हणजे जिची मागायची ती. बटण दाबलं, व्हिडिओ चढवला आणि पळत गाडी पकडली.

दिवसभर शूटिंग, मोबाईल बंद. दुपारी पंगतीला बसलो तर समोरच्या ओळीतली माणसं माझ्याकडे बघून जिलेबी बाजूला ठेवून हसायला लागली. एका म्हाताऱ्याने तर उठून माझ्या हातात नारळ दिला. “लगीन झालं म्हणं तुमचं? कंपनीसंगं?”

मी मोबाईल उघडला. सुरुवातीला सनई. मग दोन बदाम उडत आले आणि एकमेकांत गुंतले. एकात ‘दत्ता’, दुसऱ्यात कंपनीचं नाव. खाली सोनेरी अक्षरांत ‘आपले सहर्ष स्वागत करीत आहेत’. मी हात जोडून “माझी चूक झाली” म्हणतोय आणि माझ्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस पडतोय! “कंपनी फार मोठी आहे” या वाक्याला नेमकं मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ आलं. “टॉनिक फार चांगलं आहे” याला अक्षता. आणि शेवटी, “फायदा झालेला आहे” म्हणून मी मान खाली घातली, त्यावर कबुतरांची जोडी येऊन बसली आणि ‘आपला आशीर्वाद हाच आमचा आहेर’ अशी पाटी झळकली.

माझी सगळ्यात मनापासून मागितलेली माफी! आजवर एवढ्या लोकांनी माझं कुठलंच काम पाहिलं नव्हतं.

पण घरी पोचलो तेव्हा शोभा पाकळ्यांना हसत नव्हती. ओट्यावर गटातल्या दोघीजणी बसल्या होत्या, शेवंताबाई आणि गयाबाई. शेवंताबाईंच्या पिशवीत टॉनिकची बाटली होती.

“फायदा झाला म्हणं तुमाला, वैनी,” शेवंताबाई म्हणाल्या. “दत्ताभाऊ स्वतः बोलले, म्हणून घेतली. तुमी तर आमाला काई झालं न्हाई म्हणला होता.”

शोभाने माझ्याकडे असं बघितलं, की मला पुन्हा हरभऱ्यात तोंड खुपसावंसं वाटलं. खरं सांगतो, तोवर मला कंपनीची भीती वाटत होती. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. सतरा वर्षं या बाईने मला कधी खोटं पाडलं नव्हतं, आणि मी तिला तिच्याच ओट्यावर, तिच्याच माणसांसमोर खोटं पाडलं होतं.

ती उठली, मायच्या हातात मोबाईल दिला आणि भिंतीपाशी उभी राहिली. “धरा माय. हलवू नका.” आणि बोलली, “मी शोभा. पिंगळीची. मला त्या औषधाचा काई फायदा झाला न्हाई. चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या, त्या बी तशाच आल्या. आमचे मालक भिऊन बोलले. ज्यांनी त्यांच्या बोलण्यावर बाटली घेतली असंल, त्यांनी परत करावी.” बस्स. ना सनई, ना पाकळ्या.

चार दिवसांनी दुसरं पाकीट आलं. या वेळी पेढे आणले नाहीत. गणपतरावांनीच मला पाणी दिलं. पहिल्या नोटिशीतलं सगळं होतंच, वर नवीन दोन आरोप: शोभाने कंपनीला खोटं पाडलं, आणि मी कंपनीशी ‘विवाहसदृश प्रसंग रंगवून’ तिची जाहीर थट्टा केली!

तेव्हा मात्र मी चिडलो. म्हणजे या लोकांनी हरभरा आभाळाला टेकवायचा, धोतरवाल्याने आम्हाला रोज सकाळ-संध्याकाळ घरात येऊन थाप मारायची, आणि त्याचं नाव जाहिरात! आणि आम्ही एका स्टुलावर चढून हसलो, तर तो गुन्हा? यांच्याकडे मोठं ऑफिस आहे, वकिलांची फौज आहे, सोनेरी चिन्हाचं पाकीट आहे. आमच्याकडे एक स्टूल होतं, त्याचाही पाय मोडला. एवढ्यावर यांना आमची भीती वाटते म्हणजे आम्ही नक्कीच काहीतरी खरं बोललो असणार!

(हे सगळं मी शोभाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “हेच मी बारा दिस झाले सांगायलेय.”)

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परभणीला काझी वकीलसाहेबांकडे गेलो. साहेब सत्तरीचे, चष्मा कपाळावर, आणि जमिनीच्या बांधाचे खटले लढण्यात सगळी हयात गेलेली. त्यांनी आधी आमचा पहिला व्हिडिओ बघितला. मग परत बघितला.

“दत्ताभाऊ, ये गिरना असली है, के अ‍ॅक्टिंग?”

“असली.”

“कमाल है!” मग त्यांनी नोटीस वाचली आणि चष्मा खाली ओढला. “फिकर नक्को करो. इथं बघा काय लिहिलंय. ‘या औषधाने माणसाची उंची वाढते, असा खोटा दावा करून तुम्ही जनतेची दिशाभूल केली.’ म्हणजे कंपनी म्हणती, उंची वाढत नाही. आपलं म्हणणं काय? वाढत नाही. झगडा कहाँ है? भाभी, त्या कोऱ्या चार ओळी हायेत ना अजून?”

“हायेत की. घाटे भरलेत.”

“बस. पंचनामा करू. हरभऱ्याचा बी, आन दत्ताभाऊंचा बी.”

उत्तर त्यांनी चार ओळींचं पाठवलं. आमच्या अशिलांच्या बोलण्यातलं नेमकं कुठलं वाक्य खोटं आहे ते कळवावं. कळवता येत नसल्यास येत्या रविवारी सकाळी शेतावर हजर राहावं, पंचांसमक्ष मोजमाप होईल. दुपारचं जेवण अशिलांकडे. (शेवटचं वाक्य मायने घालायला लावलं.)

मला वाटलं होतं, कुणी येणार नाही. पण रविवारी खरोखरच पांढऱ्या गाडीतून कंपनीचे विभागीय साहेब उतरले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात तयार कागद. “हे बघा ताई, वाढवायचं कशाला? इथे सही करा, व्हिडिओ काढा, आम्ही प्रकरण मिटवतो.”

“आदी मोजू,” शोभा म्हणाली.

पंच पाच: पोस्टमन गणपतराव, एक माजी सरपंच, शेवंताबाई, गयाबाई, आणि लिहिणारे म्हणून जाधव गुरुजी. शोभाने फवारलेल्या ओळींतली दहा झाडं उपटली, कोऱ्या ओळींतली दहा, आणि बांधावर दोन पोत्यांवर दोन ढीग लावले. प्रत्येक झाडाचे घाटे मोजायचे आणि लिहायचे, असं ठरलं. पण पंचनामा म्हटल्यावर गुरुजी एकदम घाट्यांवर कसे येतील? त्यांनी आधी ‘आम्ही खाली सही करणारे पंच’ लिहिलं. मग शेताचा गट नंबर. मग चतु:सीमा. पूर्वेला कुणाचं रान, पश्चिमेला कुणाचा पाट, यावर माजी सरपंच आणि गणपतरावांत वाद लागला, कारण पश्चिमेचा पाट नक्की कुणाचा हे तीस वर्षं ठरलेलं नाही. काझीसाहेबांना असले वाद म्हणजे मेजवानी. तेही घुसले.

मी पाटाचा वाद ऐकत उभा होतो. अर्ध्या तासाने बांधाकडे नजर गेली, तर तिथे भलतंच चाललं होतं.

शेतावर पाहुणा आला आणि त्याच्या हातात ढाळे दिले नाहीत, असं आमच्या भागात होत नाही. हिरव्या हरभऱ्याचा डहाळा मोडायचा, पाहुण्याला द्यायचा, बोलत बोलत सोलून खायचा. मायने आपलं कर्तव्य केलं होतं. साहेबांना एक मोठी पेंडी दिली होती, दोन्ही ढिगांतली! साहेबांनी बूट काढून, बांधावर मांडी घालून, ती जवळजवळ संपवली होती. शेवंताबाई आणि गयाबाई सोबतीला. आणि वाद घालता घालता गणपतरावही मागे हात करून एकेक घाटा ओढत होते. दोन्ही पोत्यांवर उरली होती टरफलं.

“माय! अगं, पुरावा खाल्ला की सगळ्यांनी!”

“मग पाव्हण्याला काय उपाशी ठिवू?” माय म्हणाली. “आन जेवायला येळ हाय अजून.”

मी धावत रानात निघालो, नवी झाडं उपटायला. काझीसाहेबांनी माझी बाही धरली. “ठैरो!” ते साहेबांसमोर उकिडवे बसले आणि अगदी प्रेमाने विचारलं, “साहेब, ढाळे कैसे लगे?”

“फारच छान हो!” साहेबांच्या तोंडात अजून घास होता. “किती वर्षांनी खाल्ले!”

“दोन्ही ढीग चाखले?”

“हो, दोन्ही. दोन्ही भरलेले, गोड.”

“तुमच्या औषधाचा कोणता होता?”

साहेबांची सोलणारी बोटं थांबली. त्यांनी या पोत्याकडे पाहिलं, त्या पोत्याकडे पाहिलं. “आता... तसं... दोन्ही सारखेच होते.”

“गुरुजी,” काझीसाहेब न वळता म्हणाले, “लिखो.”

“अहो, असं नाही लिहायचं!” साहेब उठले, मांडीवरची टरफलं खाली सांडली. “मी खाण्याबद्दल बोललो!”

शोभा पुढे झाली. तिचा आवाज चढला नाही. “साहेब, गुरुजींनी लिहिलंय, की कंपनीच्या साहेबांनी दोन्हीकडचे ढाळे खाल्ले, त्यांना फरक सांगता आला न्हाई. ह्यात खोटं काय हाय? सांगा, मी आत्ता खोडायला लावते.”

साहेबांनी गुरुजींचा कागद दोनदा वाचला. मग त्यांनी स्वतःचं तयार पत्र चार घड्या घालून खिशात टाकलं, गुरुजींचा पेन घेतला, पंचनाम्याखाली ‘समक्ष हजर’ लिहिलं आणि सही केली. मला तो माणूस तेव्हा आवडला. त्याची नोकरी थापेची होती, पण तोंडात खरा हरभरा असताना त्याला थाप मारता आली नाही.

मग मुद्दा दुसरा, म्हणजे मी. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीला मला पाठ लावून उभं केलं. चपला काढायला लावल्या. टाचा वर उचलायच्या नाहीत म्हणून गयाबाई माझ्या पायांपाशी लक्ष ठेवून बसल्या. डोक्यावर गुरुजींची वही आडवी ठेवली, टेपचं एक टोक साहेबांनी धरलं, दुसरं गणपतरावांनी. पाच फूट दीड इंच. फवारणीनंतर वाढ, शून्य. पाची पंचांनी सह्या केल्या, आणि सगळे मायच्या पिठलं-भाकरीवर बसले. साहेबांनी दोनदा पिठलं घेतलं.

तिसरं पाकीट आजवर आलेलं नाही. काझीसाहेब म्हणतात, यांचं गप्प बसणं हाच यांचा जवाब. आमचा व्हिडिओ अजून जागच्या जागी आहे, शोभाचाही आहे, आणि माझं कंपनीशी झालेलं लग्नही मी मुद्दाम ठेवलंय. मी केलेल्या एवढ्या लग्नांतलं लोकांना फक्त तेच आठवतं. शेवंताबाईंनी बाटली परत केली. आणि गटातल्या बायका बियाणं घ्यायच्या आधी आजही आमच्याच ओट्यावर येतात. यांच्या वकिलांच्या फौजेला माझ्या बायकोचं एक वाक्य हलवता आलं नाही, हे मी परभणी जिल्ह्यात भेटेल त्याला सांगतो.

पंचनाम्याच्या तीन प्रती निघाल्या. एक कंपनीकडे गेली, एक काझीसाहेबांकडे राहिली, आणि एक शोभाने नीट घडी करून घरी आणली. परवा तिने ती पुन्हा उघडली.

“अवो, लग्न जमवताना तुमच्या मामानं तुमची उंची किती सांगितली होती?”

“असंल... पाच फूट चार.”

“आन मांडवात?”

“मी पाटावर उभा होतो.”

“माजी माज्या बापानं सांगितली होती पाच-तीन. काल त्याच टेपनं, त्याच भिंतीला मायनं मोजली. पाच-तीनच हाय. मग लग्नानंतर मी तुमच्याहून उंच कशी म्हणून इचारलं, तवा तुमी काय म्हणला होता?”

सतरा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांच्या नव्या नवरीपुढे घाबरून, मी म्हणालो होतो: “तुला आमच्या घरचं पाणी मानवलं. तू वाढलीस.” तिने ते खरं धरलं होतं. पेडगावला माहेरी जाऊन सगळ्यांना कौतुकाने सांगितलंही होतं!

“म्हंजी,” शोभा पंचनाम्याची घडी घालत म्हणाली, “तुमच्या घरचं पाणी बी टॉनिकच निघालं की!”

मला सात दिवसांची मुदत मिळाली आहे. बचत गटाच्या बैठकीत, तीस बायकांसमोर, जाहीर माफी. मी तडक काझीसाहेबांकडे धावलो. “माफ करना, दत्ताभाऊ,” ते म्हणाले, “भाभीचा फोन सकाळीच आला. मी त्यांचा वकील.”

कंपनीविरुद्ध अख्खं गाव माझ्या बाजूने उभं राहिलं होतं. या खेपेला मी एकटाच उभा आहे, आणि तोही, पाच पंचांसमक्ष मोजलेला, पाच फूट दीड इंच!